धावा आटलेल्या कर्णधाराचं काय करायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. संघ लागोपाठ दोन मालिका हरलाय. कर्णधाराला गेल्या दहा डावांत एकही अर्धशतक नाही. दोन चांगले फलंदाज मात्र राखीव म्हणून पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात ये-जा करतायत. तरी निवड समिती त्यालाच धरून बसलीय. तुम्ही विचारता, राष्ट्रीय संघाचं नेतृत्व करायची त्याची लायकी उरलीय का? आणि नसेल, तर त्यानं स्वतःहून बाजूला व्हायला नको का?

राष्ट्रीय निवड समितीवर मी कधी नव्हतो, हे आधीच सांगून टाकतो. आधी प्रशिक्षक होतो, मग अकरा वर्षं राज्य पातळीवर निवडीचं काम केलं, वयोगटाच्या संघांपासून वरिष्ठ संघापर्यंत. कर्णधार बदलायचा की नाही यावरच्या चार बैठकांना बसलोय. त्यातला एक निर्णय बरोबर निघाला, एक सपशेल चुकला, आणि उरलेल्या दोन निर्णयांबद्दल आम्ही निवडकर्ते भेटलो की अजून वाद घालतो. तेव्हा माझं उत्तर त्या बेतानंच घ्या.

‘लायकी’ हा शब्द निघाला की बैठक भरकटते, हे मी चारही वेळा पाहिलं. एक जण म्हणतो, त्यानं संघासाठी एवढं केलंय, जरा दम धरा. दुसरा म्हणतो, भावना घरी ठेवून या. दोघंही झालेल्या गोष्टींचा हिशोब करत असतात आणि पुढचा सामना कुणाच्याच डोळ्यासमोर नसतो. खरं तर तिथे दोनच गोष्टी ठरवायच्या असतात. एक, निव्वळ खेळाडू म्हणून हा अंतिम अकरांत बसतो का? दोन, जे अकरा खेळणार आहेत त्यांच्यातला सगळ्यांत चांगला कर्णधार कोण? लोक या दोन्हींची खिचडी करतात. पहिल्याचं उत्तर ठाम ‘नाही’ असेल, तर दुसरा प्रश्न बहुतेक वेळा उरतच नाही.

बहुतेक वेळा म्हणालो, कारण इंग्लंडच्या माइक ब्रिअर्लीचं नाव कुणीतरी काढणारच. ३९ कसोटी, सरासरी २२.८८, शतक एकही नाही. आणि कर्णधार म्हणून ३१ कसोटींत १८ विजय, फक्त ४ पराभव. केवळ नेतृत्वासाठी माणूस खेळवता येतो, याचा हा सगळ्यांत लाडका पुरावा. पण त्याच्या हाताशी इयन बॉथम होता. जो एकटा फलंदाज आणि गोलंदाज अशा दोन जागा भरून काढतो, तो संघात असेल तर एक जागा उधार देणं परवडतं. शिवाय त्या काळात पॅकरच्या सर्कशीमुळे, म्हणजे केरी पॅकरनं खेळाडू पळवून भरवलेल्या बंडखोर सामन्यांमुळे, बरेच प्रतिस्पर्धी संघ अर्धे रिकामे होते. ब्रिअर्लीची थोरवी मी कमी करत नाही, पण त्याचं नाव घेऊन आज कुणाला वाचवू नका.

ऑस्ट्रेलियाचा कर्णधार मार्क टेलरचं उदाहरण मला जास्त उपयोगी वाटतं. १९९७च्या इंग्लंड दौऱ्यापर्यंत त्याचे २१ कसोटी डाव अर्धशतकाविना गेले होते. तुमच्या कर्णधाराचे दहा झालेत, त्याचे एकवीस! तरी त्याला ठेवलं. का ठेवलं, ते पाहण्यासारखं आहे. त्याच काळात ऑस्ट्रेलियानं वेस्ट इंडिजला ३-२ आणि दक्षिण आफ्रिकेला त्यांच्याच देशात २-१ हरवलं होतं. टेलर पहिल्या स्लिपमध्ये जगातल्या उत्तम झेल घेणाऱ्यांपैकी एक होता, आणि कधी कुणाला गोलंदाजी द्यायची याची त्याची नजर शाबूत होती. त्या दौऱ्यात एजबॅस्टनला दुसऱ्या डावात त्यानं १२९ केल्या. तो सामना ऑस्ट्रेलिया हरली, मालिका ३-२ जिंकली. पुढच्या वर्षी पेशावरला त्यानं नाबाद ३३४ केल्या. पण त्या पुढच्या धावांवरून आधीचा निर्णय बरोबर ठरवू नका. एजबॅस्टनला तो पुन्हा स्वस्तात गेला असता, तरी त्या दिवसापर्यंत उपलब्ध असलेल्या माहितीवर त्याला ठेवणं चूक नव्हतं.

आता धावांकडे कसं बघायचं? दहा डावांचा आकडा मी एकटा कधीच घेत नाही. लांब कारकीर्द असलेल्या जवळजवळ प्रत्येक फलंदाजाच्या वाट्याला असा दुष्काळ येतो. मी तो बाद कसा होतोय ते बघतो. दहा वेळा दहा प्रकारे बाद होणारा माणूस साधारणपणे परत येतो. यष्टिरक्षकाच्या हातात, त्याच टप्प्यावरच्या चेंडूवर, पाय न हलवता, असं सातव्यांदा दिसलं की नेटमधल्या सरावाची व्हिडिओफीत मागवतो. त्यातही वय मधे येतं. सत्ताविसाव्या वर्षी पाय हलत नसतील तर बहुधा डोक्यात गोंधळ असतो, तो सुटतो. सदतिसाव्या वर्षी चेंडू अर्ध्या क्षणानं उशिरा दिसत असेल, तर प्रशिक्षकाकडे त्याला औषध नाही.

आणि एक गोष्ट धावफलकावर दिसतच नाही. कर्णधाराचा फॉर्म गेला की हळूहळू अख्खा संघ त्याच्याभोवती वाकायला लागतो. २०२४-२५चा ऑस्ट्रेलिया दौरा आठवा. पर्थला रोहित शर्मा नव्हता, बुमराह कर्णधार होता, आपण २९५ धावांनी जिंकलो. रोहित आल्यावर सलामीची जमलेली जोडी मोडायला नको म्हणून तो ॲडलेड आणि ब्रिस्बेनला सहाव्या क्रमांकावर खेळला. तिथे जमेना, म्हणून मेलबर्नला पुन्हा सलामीला आला. त्यासाठी के. एल. राहुल तिसऱ्या क्रमांकावर गेला आणि शुभमन गिल संघाबाहेर. एका माणसाच्या धावा शोधताना तीन जणांच्या जागा हलल्या. त्याच्या पाच डावांतल्या धावा होत्या ३, ६, १०, ३ आणि ९. त्याआधी न्यूझीलंडनं आपल्याला घरच्या मैदानांवर ३-० धुतलं, तेव्हा सहा डावांत ९१. माझ्या मते पाच डावांच्या आकड्यांपेक्षा क्रमवारीतली ही ओढाताण जास्त बोलकी होती. एरवी कुठल्याही फलंदाजाला समिती विचारते, तू कुठल्या जागेवर खेळणार? कर्णधाराला ते विचारायला सगळे कचरतात, आणि तिथेच गाडी घसरते.

मैदानावर काय बघायचं, तेही सांगतो. एका चार दिवसांच्या सामन्यात मी साइटस्क्रीनच्या बाजूला वही घेऊन बसलो होतो. आमच्या कर्णधाराच्या सहा डावांत मिळून पन्नास धावाही झाल्या नव्हत्या. तिसऱ्या दिवशी, चहापानानंतर, समोरच्या डावखुऱ्यानं आमच्या ऑफस्पिनरला एकाच षटकात दोनदा मिडविकेटवरून मारलं. ऑफस्पिनर आपल्या खुणेपर्यंत गेला, थांबला, आणि क्षेत्ररक्षक मागे घेण्यासाठी हात केला. मिडऑफला कर्णधार त्याच्यापासून पंधरा पावलांवर उभा होता. पण ऑफस्पिनरनं पाहिलं ते थेट पलीकडे, यष्टिरक्षकाकडे. यष्टिरक्षकानं ग्लोव्ह हलवून मिडविकेटच्या पोराला सीमेवर पाठवलं. कर्णधारानं ते पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या, “चलो, चलो!” त्या सत्राबद्दल माझ्या वहीत तेवढी एकच ओळ आहे.

त्याच मोसमात दुसऱ्या एका संघाचा कर्णधार पाहिला. दोन्ही डावांत भोपळा. शेवटच्या दिवशी समोरची शेवटची जोडी चिवटपणे उभी होती, नवा चेंडू मिळण्याजोगा होता, आणि सीमेबाहेरून सगळे ओरडत होते, घे, नवा घे! यानं घेतला नाही. जुना चेंडू रिव्हर्स व्हायला लागलाय हे त्याच्या लक्षात आलं होतं. मिडऑनला त्यानं स्वतः तो पँटवर घासून गोलंदाजाच्या हातात दिला, चार षटकं वाट पाहिली, आणि यॉर्करवर दांडी उडाली. दोन भोपळे खाऊनही ज्याचं डोकं चेंडूच्या शिवणीवर असतं, त्याला काढायची मला घाई नसते.

आता पराभवाकडे येऊ. हरला हे खरं, पण कुणाशी, आणि हाताशी कोण असताना? बॉथम कर्णधार म्हणून १२ कसोटींत एकही जिंकला नाही, हे सगळ्यांना पाठ असतं. त्या बारापैकी नऊ त्या काळच्या वेस्ट इंडिजविरुद्ध होत्या, हे कुणी सांगत नाही. त्या संघापुढे त्या वर्षांत कोण टिकत होतं? तरीही १९८१ला लॉर्ड्सवर दोन्ही डावांत शून्य झाल्यावर त्यानं पद सोडलं ते योग्यच झालं, कारण त्याची बॅट आणि गोलंदाजी दोन्ही त्या ओझ्याखाली चिरडत होती. पुढच्याच कसोटीत, हेडिंग्लेला, ब्रिअर्लीच्या हाताखाली त्यानं नाबाद १४९ केल्या आणि फॉलोऑननंतर इंग्लंड १८ धावांनी जिंकलं.

सचिनचं बरोबर उलटं. कर्णधार असताना त्याची कसोटी सरासरी पन्नासच्या वरच होती. पण २५ कसोटींत विजय चार, पराभव नऊ. म्हणजे तुमचा प्रश्न धावांवरून सुरू होतो खरा, पण धावा करणारा कर्णधारही अपयशी ठरू शकतो. त्याच्याबद्दल ‘लायकी’ हा शब्द वापरायची तुमची छाती होईल का? नाही ना? मग धावा न करणाऱ्याबद्दलही जरा जपून.

वेळेचा मुद्दाही आहे. २०२५च्या महिला विश्वचषकात भारत साखळीत लागोपाठ तीन सामने हरला: दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि इंदूरला इंग्लंडकडून अवघ्या ४ धावांनी. त्या आठवड्यात हरमनप्रीतच्या नेतृत्वावर काय काय बोललं गेलं ते आठवून बघा. मग उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाचं ३३९चं लक्ष्य गाठताना जेमिमा नाबाद १२७ आणि हरमनप्रीत ८९. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेचा पाठलाग रंगात असताना तिनं शेफालीच्या हातात चेंडू दिला. शेफाली मुळात फलंदाज, आणि बदली म्हणून संघात आलेली. तिनं सुने लूस आणि मारिझान काप या दोघींना बाद केलं. स्पर्धा चालू असताना कर्णधार बदलायला निघणाऱ्यांना मी ही षटकं दाखवतो. मालिका किंवा स्पर्धा सुरू असताना हात लावू नका. अपवाद एकच, तो स्वतः म्हणाला तर.

आता माझी चूक. मोसमाच्या मध्यावर, तीन पराभवांनंतर, आम्ही कर्णधार काढला. त्याची बॅट बरी चालू होती, पण वरून दबाव होता आणि कुणाच्या तरी माथी खापर फोडायचं होतं. तीनपैकी दोन सामने आम्ही वळणाऱ्या खेळपट्टीवर नाणेफेक हरून गमावले होते, तेही आमचा मुख्य डावखुरा फिरकीपटू जायबंदी असताना. हे सगळं बैठकीत कुणीतरी म्हणालं, आणि पुढच्याच मिनिटाला विसरलं गेलं. पद दिलं आमच्या सर्वोत्तम वेगवान गोलंदाजाला. एरवी हा गडी डावात अठरा-वीस षटकं टाकायचा. कर्णधार झाल्यावर अकरा-बारावर आला. स्वतःच चेंडू घेतला तर पोरं आपल्याला स्वार्थी म्हणतील, अशी त्याला धास्ती! जुना कर्णधार स्लिपमध्ये तोंडाला कुलूप लावून उभा. ड्रेसिंग रूममध्ये जेवायच्या टेबलावर दोन गट पडलेले मला खिडकीतून दिसायचे. उरलेल्या चारपैकी तीन सामने हरलो. आगीतून फुफाट्यात.

त्या दिवशी आम्ही ‘याला काढायचं का’ एवढंच विचारलं. ‘कुणाला करायचं’ हे त्यानंतर पाच मिनिटांत उरकलं, आणि ‘काढलेला माणूस त्याच संघात कसा राहणार’ हे तर विचारलंच नाही. गोलंदाजाला कर्णधार करू नये असं यातून काढू नका. ऑस्ट्रेलियाचा वेगवान गोलंदाज पॅट कमिन्सनं २०२३ साली कसोटी अजिंक्यपद आणि एकदिवसीय विश्वचषक दोन्ही जिंकलेत. आमच्या पोराची तयारी नव्हती आणि आम्ही ती करून घेतली नव्हती, इतकंच.

पर्याय तयार नसताना खुर्च्या हलवल्या की काय होतं, याला आपल्याकडे जुनं उदाहरण आहे. १९५८-५९ला वेस्ट इंडिजविरुद्धच्या पाच कसोटींत भारताचे चार कर्णधार झाले: उम्रीगर, गुलाम अहमद, मांकड आणि अधिकारी. मालिका ०-३. इंग्लंडनं १९८८च्या उन्हाळ्यात हाच उद्योग केला, त्याच प्रतिस्पर्ध्याविरुद्ध, आणि ०-४ हरले. पाकिस्ताननं बाबर आझमला २०२३च्या नोव्हेंबरमध्ये जाऊ दिलं, शाहीन आफ्रिदीला टी-ट्वेंटीची एक मालिका दिली, पुन्हा बाबरला आणलं, आणि त्यानं २०२४च्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा सोडलं. यात कुठलाच कर्णधार वाईट ठरत नाही, फक्त कुणाचाच शब्द टिकत नाही. नव्या खेळाडूला कळतं की हाही दोन महिन्यांचा पाहुणा आहे, आणि तो त्याप्रमाणे वागतो.

धोनीबद्दल बरेच जण विचारतात, म्हणून थोडं. २०११-१२मध्ये इंग्लंडमध्ये ०-४ आणि ऑस्ट्रेलियातही ०-४. निवडकर्त्यांना बदल हवा होता, मंडळाच्या अध्यक्षांनी तो अडवला, हे नंतर दोन्ही बाजूंनी जाहीर झालं. पुढे २०१३मध्ये त्यानं चेन्नईला २२४ केल्या, ऑस्ट्रेलियाला घरी ४-० हरवलं, चॅम्पियन्स ट्रॉफी जिंकली. म्हणजे अध्यक्ष बरोबर? परदेशातल्या कसोटींचं पुढे काय झालं तेही बघा: दक्षिण आफ्रिकेत ०-१, न्यूझीलंडमध्ये ०-१, इंग्लंडमध्ये १-३. माझ्या मते पांढऱ्या चेंडूच्या, म्हणजे मर्यादित षटकांच्या सामन्यांसाठी त्याला ठेवणं शंभर टक्के बरोबर होतं आणि परदेशी कसोटींबाबत निवडकर्त्यांची शंका रास्त होती. पण तेव्हा प्रश्न ‘धोनी हवा की नको’ असा एकसंध मांडला गेला. आज तो प्रकारानुसार वेगळा करता येतो. तुमच्या प्रश्नातही तो करा. कसोटीतला दुष्काळ एकदिवसीय कर्णधारपदावर का काढायचा? रोहितच बघा: सिडनी कसोटीतून स्वतःला वगळल्यावर पुढच्याच महिन्यात कटकला एकदिवसीय सामन्यात ११९, आणि मार्चमध्ये चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात ७६.

राखीव खेळाडूंवर अन्याय होतो का? होतो. हे मी गोड करून सांगणार नाही. पण तो संघात प्रत्येक ठिकाणी होतो, यष्टिरक्षकाच्या बाबतीत तर पिढ्यान्‌पिढ्या. समितीचं काम एवढंच की बाहेर बसलेल्या पोराला कुणीतरी समोर बसवून खरं कारण सांगावं. आमच्या वेळी आम्ही ते टाळायचो, त्याची लाज वाटते.

म्हणजे इथवरचं माझं म्हणणं असं: अकरांत जागा आधी तपासा, मग मैदानावर त्याचा शब्द चालतो का ते बघा, पराभव कुणाविरुद्ध ते बघा, पुढचा माणूस तयार असल्याशिवाय काढू नका, आणि मालिकेच्या मध्ये हात घालू नका. तुमच्या कर्णधाराची दहा डावांची गोष्ट आणि दोन मालिका एवढ्यावर मी त्याला काढणार नाही. पण पुढची मालिका शेवटची असं त्याला आताच, स्पष्ट शब्दांत सांगीन, आणि उपकर्णधाराला त्याच दिवशी कामाला लावीन.

राहिला स्वतःहून पायउतार होण्याचा प्रश्न. बाहेरून वाटतं तितकं ते सोपं नसतं. सोडलं तर ‘पळाला’, नाही सोडलं तर ‘चिकटला’. रोहितनं सिडनीला मालिका १-२ असताना स्वतःला बाहेर ठेवलं, तेव्हा दोन्ही प्रकारची टीका एकाच दिवशी वाचली मी. माझ्या लेखी त्या दौऱ्यातला तो त्याचा सगळ्यांत कर्णधाराला शोभणारा निर्णय होता, जरी आपण सामना हरलो आणि मालिका १-३ गेली.

त्या मिडऑफवरच्या आमच्या कर्णधाराचं सांगायचं राहिलं. बैठक सोमवारी होती. तो रविवारी संध्याकाळी माझ्याकडे आला, पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलला आणि म्हणाला, “सर, गोलंदाज आता माझ्याकडे बघत नाहीत.” वहीतली ओळ मी त्याला दाखवली नव्हती. पुढच्या मोसमात त्या यष्टिरक्षकाच्या हाताखाली तो सहाव्या क्रमांकावर खेळला. पहिल्या सामन्यात दोन्ही डावांत भोपळाही फोडला नाही, आणि तरी संध्याकाळी नेटमध्ये नव्या ऑफस्पिनरला डावखुऱ्यासाठी मिडविकेट कुठे उभा करायचा ते पावलं मोजून दाखवत होता.